‘कुमारी माता’ आणि तिचा आत्मसन्मान : एका मोजपट्टीची भाषिक चिकित्सा

१

अविवाहित किशोरवयीन मातांचा आत्मसन्मान मोजण्यासाठी तयार केलेली एक प्रश्नावली समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीने मध्यंतरी माझ्याकडे आणली. मूळ इंग्रजी दहा विधानांचा तिने केलेला मराठी अनुवाद शुद्ध आहे की नाही, एवढेच मी पाहावे अशी तिची अपेक्षा होती. अनुवाद शुद्ध होता. व्याकरणाचा दोष काढण्यास त्यात जागा नव्हती. तरीही त्यावर ‘योग्य’ असा शेरा लिहिण्यास माझी लेखणी धजेना. त्या अडखळण्याचे कारण शोधताना जे विचार सुचले, ते अभ्यासकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

ही मोजपट्टी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाला न्यूयॉर्क राज्यातील दहा माध्यमिक शाळांतील ५,०२४ विद्यार्थ्यांच्या पाहणीचा आधार होता. विधाने दहा, त्यांतील पाच स्वतःविषयी अनुकूल व पाच प्रतिकूल. प्रत्येकासमोर सहमतीच्या चार पायऱ्या. मिळालेल्या गुणांच्या बेरजेवरून आत्मसन्मान उच्च की नीच हे ठरावयाचे. साधेपणामुळे ही मोजपट्टी जगभर पसरली, आणि तिचे एक श्रेय नाकारता येणार नाही : ज्या मुलीविषयी सर्व जण बोलतात, तिला स्वतःविषयी काय वाटते हे विचारण्याचा शिष्टाचार तरी ती पाळते.

विद्यार्थिनीच्या अभ्यासाचे क्षेत्र होते नगर जिल्हा. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. बोलण्यात ‘नगर’ अजून टिकून आहे. या एकाच जिल्ह्यात दोन प्रदेश नांदतात. उत्तरेस प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा ऊस आणि साखर कारखाने. दक्षिणेस व पूर्वेस पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा कोरडवाहू पट्टा. या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. वयात आलेली मुलगी फडावर न्यावी तर तेथे आडोसा नाही. आजीआजोबांपाशी ठेवावी तर जिवाला घोर. म्हणून तिचे लग्न लवकर उरकण्याकडे कल होतो. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. लग्न झालेल्या मुलीला असे एक स्थान, मग ते कितीही कष्टाचे असो, भाषेत मिळते. लग्नावाचून आई झालेल्या मुलीला कोणते स्थान मिळते, हा आपला प्रश्न आहे. याच जिल्ह्यात, नगर शहरात, डॉ. गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ साली सुरू केलेल्या ‘स्नेहालय’ संस्थेचा ‘स्नेहांकुर’ हा प्रकल्प अशा माता व त्यांची बालके यांच्यासाठी काम करतो. तेव्हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

येथे पणाला काय लागले आहे तेही सांगितले पाहिजे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ३५ व्या कलमानुसार जन्मदात्रीला आपले मूल बालकल्याण समितीपुढे हजर करून, समुपदेशनानंतर, स्वेच्छेने दुसऱ्याच्या हाती देता येते; फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. या दोन महिन्यांत तिच्याविषयी जे लिहिले जाईल त्याचे वजन मोठे असते. ‘आत्मसन्मान अल्प’ असा शेरा अशा वेळी निदान म्हणून वाचला जाण्याचा संभव आहे. आणि निदान म्हणून वाचला गेला की ‘हिच्याने मूल सांभाळवणार नाही’ हे पुढचे वाक्य आपोआप तयार होते. म्हणून त्या शेऱ्यामागील भाषा तपासणे अगत्याचे आहे.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘कुमारी माता’ हा शब्द सौम्य आहे. बोलीतील हिणकस शब्द टाळण्यासाठी सुशिक्षितांनी तो पत्करला. परंतु त्यातील विशेषण काय सांगते? मराठीत ‘कुमारी’, ‘सौभाग्यवती’, ‘श्रीमती’ ही नावामागची पदे स्त्रीची पुरुषसंबंधातील स्थिती सांगतात. ‘माता’ या नामाआधी ‘कुमारी’ येताच दोन पदांत विरोध उभा राहतो व तो विरोध हीच त्या मुलीची ओळख बनते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. ‘कुमारी’ आणि ‘माता’ या दोन्ही पदांनी गौरविलेल्या मरियेच्या दर्शनास लोक भक्तिभावाने लोटतात. तीच दोन पदे जोडून गावातल्या मुलीला लावली की त्यांचा आरोप होतो. याचा अर्थ दोष शब्दांत नाही. त्यांना ज्या संदर्भात उभे केले जाते त्यात आहे.

प्राचीन भाषेकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अविवाहित कन्येच्या पुत्राला संस्कृतात ‘कानीन’ म्हणतात. ‘कन्या’ शब्दापासून हे रूप साधण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र (४.१.११६) केले आहे, आणि कर्ण व व्यास ही त्याची परंपरागत उदाहरणे होत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारच्या पुत्रांत कानीनाची गणना आहे. पुढे त्या कन्येशी जो विवाह करील त्याचा तो पुत्र मानावा अशी तेथे व्यवस्था आहे. मुलासाठी संज्ञा आहे, त्याच्या मालकीचा निर्णय आहे. परंतु ज्या कन्येवरून संज्ञा साधली, तिच्या मातृत्वाला नाव नाही.

आधुनिक मराठी साहित्यानेही बहुधा हीच वाट धरली. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाई यांची ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्यांनी कर्णाचा दुखावलेला स्वाभिमान घरोघर पोहोचविला. कानीन पुत्राच्या आत्मसन्मानावर आपण भरभरून वाचले. कन्यावस्थेत आई झालेल्या कुंतीच्या वाट्याला मात्र मुख्यतः अपराध आणि मौन आले. वस्तुतः महाभारतातच याला प्रतितोल आहे. सत्यवती हीही विवाहापूर्वी आई झालेली. परंतु कुरुकुळावर प्रसंग येताच ती भीष्माला आपल्या पूर्वायुष्याची हकीकत स्वतः सांगते व व्यासाला आपला पुत्र म्हणून बोलावून घेते. कुंती हे सत्य कर्णाला युद्धाच्या तोंडावर सांगते आणि इतरांना त्याच्या मृत्यूनंतर. घटना सारखीच, फरक पडला तो ‘हा माझा मुलगा’ हे वाक्य कोणाला, केव्हा उच्चारता आले यात. आत्मसन्मानाचा विचार करताना हा फरक कोणत्याही गुणांकापेक्षा मला अधिक बोधक वाटतो.

३

आता वाक्याकडे वळू. अशा प्रसंगी आपण मराठीत काय म्हणतो ते आठवून पाहावे. ‘तिला दिवस गेले.’ ‘तिचा पाय घसरला.’ ‘तिच्या हातून चूक झाली.’ ‘तिच्यावर अत्याचार झाला.’ पहिल्या वाक्यात कर्ता दिवस आहेत, दुसऱ्यात पाय, तिसऱ्यात चूक, चौथ्यात अत्याचार. मुलगी कोठेही कर्ता नाही. ती चतुर्थीत, षष्ठीत किंवा शब्दयोगी अव्ययाच्या आश्रयाने उभी आहे. आणि पुरुष? तो कोणत्याच विभक्तीत नाही. पाय घसरण्यासाठी भाषेला एका माणसाची गरज पुरते.

येथे सावध राहिले पाहिजे. व्याकरणावरून मनाचा निर्णय करणे धोक्याचे आहे. मराठीत ‘मला भूक लागली’, ‘मला आठवते’ अशी वाक्येही चतुर्थीतच चालतात, आणि त्यामुळे कोणी दुबळे ठरत नाही. ‘दिवस जाणे’ हा प्रयोग तर विवाहितेलाही लागतो. माझे म्हणणे एवढेच की, एका विशिष्ट प्रसंगासाठी भाषेतील अनेक पर्यायांपैकी कर्ता लपविणारे पर्याय सातत्याने निवडले जात असतील, तर ती निवड भाषेची नसून बोलणाऱ्यांची असते. ‘अमक्याने तिला गर्भवती केले’ हे वाक्यही शुद्ध मराठीच आहे. ते उच्चारले जात नाही, एवढेच.

क्रियापदांची निवडही अशीच बोलकी आहे. मूल ‘टाकले’, ‘सोडले’, ‘दिले’, ‘ठेवले’ ही चार रूपे घ्या. ‘टाकणे’ हे क्रियापद नवऱ्याने बायकोला टाकले असतानाही वापरतात; पण तेथे सहानुभूती टाकलेलीकडे जाते आणि येथे सगळा रोष टाकणारीवर येतो. कायद्याने दिलेल्या मार्गाने जी मुलगी आपले मूल दुसऱ्याच्या हाती सोपविते, तिने ते ‘दिलेले’ असते. तरीही गावात ती ‘टाकून आली’ असेच म्हणतात. एका क्रियापदाने विचारपूर्वक केलेली कृती पळपुटेपणा ठरते.

याच्या उलट, विवाहितेच्या पहिलटकरणीपणाभोवती मराठीने किती मानाचे शब्द उभे केले आहेत! डोहाळे, ओटीभरण, बाळंतविडा, बारसे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या वा गर्भवती होत्या. आणि २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झालेला होता. म्हणजे किशोरवयातील मातृत्व आपल्या समाजाला अपरिचित नाही. सोळा वर्षांची विवाहिता आणि सोळा वर्षांची अविवाहिता यांचे वय एक, शरीराला होणारा धोका एक, अर्धवट राहिलेली शाळाही एकच. कायद्याच्या दृष्टीनेही पहिलीचा विवाह निषिद्धच आहे. तरी एकीला डोहाळजेवण मिळते. दुसरीचे ‘प्रकरण’ होते. म्हणून दोघींच्या आत्मसन्मानात अंतर आढळलेच, तर ते वयाचे वा मातृत्वाचे फळ मानण्यापूर्वी या शब्दांचा हिशेब केला पाहिजे.

४

ही कोंडी मराठी लेखनाने कधी फोडलीच नाही असे मात्र नाही. तीन प्रसंग विशेष विचारात घेण्याजोगे आहेत, आणि योगायोग असा की तिहींत एकेक सर्वनाम महत्त्वाचे आहे.

पहिला प्रसंग १८६३ चा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडे झाले होते, हा या जिल्ह्याशी त्यांचा जुना ऋणानुबंध. गृह होते विधवांसाठी; परंतु बालविवाहाच्या त्या काळात विधवा म्हणजे पुष्कळदा किशोरवयीन मुलगीच असे, हे विसरता कामा नये. त्या गृहाच्या जाहिरातीचा आशय असा होता की, विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षित बाळंत व्हावे, आणि मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या खुशीवर राहील. हा मजकूर तिच्याविषयी नाही, तिला उद्देशून आहे. तिला उपदेश नाही, प्रायश्चित्त नाही. दोन पर्याय आहेत आणि निवडण्याचा अधिकार तिचा आहे. ज्या स्त्रीला सर्व जण ‘ती’ म्हणत होते तिला या मजकुराने ‘तुम्ही’ म्हटले. दोन महिन्यांच्या फेरविचाराची आजची तरतूद आणि ही जाहिरात यांच्यामधील नाते मला कायद्याच्या इतिहासापेक्षाही भाषेच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते.

दुसरा प्रसंग १८८२ चा. आदल्या वर्षी सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बालकाच्या हत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. या पुस्तकाच्या तडफेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. भाषिक दृष्टीने त्याचे कार्य एका वाक्यात सांगता येईल : ताराबाईंनी लोप पावलेला कर्ता परत आणला. ज्या वाक्यांत केवळ ‘तिचा पाय घसरला’ एवढेच होते, तेथे ‘तुम्ही काय केले?’ असा प्रश्न त्यांनी पुरुषांना समोर उभे करून विचारला. त्यांच्या लेखनातील ‘तुम्ही’ हे पद आरोपीच्या जागी आहे.

तिसरा प्रसंग १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचा. लीला बेणारे ही प्रौढ शिक्षिका आहे. परंतु तिच्या दुःखाचे पहिले प्रकरण चौदा-पंधराव्या वर्षी, सख्ख्या मामाच्या संबंधातून घडलेले आहे, ही गोष्ट समीक्षेत दुय्यम राहते. खेळ म्हणून सुरू झालेल्या अभिरूप न्यायालयात सर्व पात्रे तिच्याविषयी तृतीय पुरुषात बोलतात. ज्याचे मूल तिच्या पोटात आहे तो प्राध्यापक दामले रंगमंचावर येतच नाही. वर पाहिलेला कर्तृलोप तेंडुलकरांनी येथे नाट्यरूपाने दाखविला आहे. शेवटी बेणारेला निवेदनासाठी दहा सेकंद मिळतात. ती दीर्घ स्वगत बोलते, पण भोवतालची पात्रे निश्चल असतात. ‘मी’ने सुरू होणारे ते बोलणे प्रेक्षकांना ऐकू येते, न्यायालयाला येत नाही. मग भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे तेच न्यायालय पोटातले मूल नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते. बेणारेजवळ स्वतःविषयी बोलण्याचे सामर्थ्य नव्हते असे कोण म्हणेल? कमतरता होती ती ऐकणाऱ्याची.

५

हा धागा हाती घेऊन मोजपट्टीकडे परत जाऊ. तिच्या दहाही विधानांत ‘मी’ किंवा ‘मला’ आहे; पण तो ‘मी’ दुसऱ्याने लिहून ठेवलेला आहे. मुलीने फक्त खूण करावयाची. बेणारेला निदान स्वतःची वाक्ये होती.

अनुवादात तीन अडचणी दिसल्या. पहिली शब्दांची. मूळ विधानांतील मोलाची कल्पना मराठीत आणताना ‘किंमत’ किंवा ‘लायकी’ हे शब्द हाती येतात. ‘लायकी’ आपण बहुधा कोणाला कमी लेखतानाच उच्चारतो. ‘किंमत’ला बाजाराचा वास आहे, आणि जिच्या लग्नाच्या वा बदनामीच्या वाटाघाटी डोळ्यांदेखत झाल्या तिला तो चटकन जाणवेल. ‘आत्मसन्मान’ हा शब्द पुस्तकी. गावात ‘अब्रू’ आहे, पण ती घराची असते, मुलीने ती फक्त सांभाळावयाची असते.

दुसरी अडचण तुलनेची. इतरांच्या बरोबरीने आपण उभे आहोत का, असे एक विधान विचारते. हे इतर कोण? न्यूयॉर्कच्या शाळेतील विद्यार्थ्यापुढे त्याचे वर्गमित्र होते. शाळा सुटलेल्या, गाव सोडून संस्थेत राहणाऱ्या मुलीपुढे ‘चारचौघी’ कोणत्या?

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा अशी इच्छा व्यक्त करणारे एक विधान या मोजपट्टीत आहे. त्याला सहमती दिली की गुण कमी होतात. कारण इच्छा म्हणजे अभाव, असे गृहीत धरले आहे. परंतु जिला सर्वांनी खाली मान घालायला सांगितले, ती मुलगी ‘मला मान हवा’ असे म्हणत असेल तर तो अभाव की अंकुर? मोजपट्टी येथे नेमके उलटे वाचते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५३ देशांच्या तौलनिक अभ्यासातही या मोजपट्टीतील प्रतिकूल विधानांचा अर्थ सर्व संस्कृतींत सारखा लागत नाही असे दिसून आले. विल्यम जेम्स यांनी १८९० सालीच आत्मसन्मान म्हणजे यशाला आकांक्षेने भागून येणारी संख्या, अशी व्याख्या केली होती. त्या हिशेबाने आकांक्षा सोडून दिलेल्या मुलीचा गुणांक वाढेल आणि शाळेत परत जाऊ इच्छिणारीचा घटेल. अशा वाढीवर समाधान मानणे हे अभ्यासकाला शोभणारे नाही.

६

मग मोजूच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. मोजणी टाकून दिली तर पुन्हा ऐकीव दयाबुद्धीच उरेल. परंतु गुणांकाबरोबर मुलीची स्वतःची वाक्ये जशीच्या तशी, तिच्या बोलीत, नोंदली गेली पाहिजेत; आणि त्या नोंदीत ती किती ठिकाणी स्वतः कर्ता झाली हे पाहिले पाहिजे. ‘मी सांगितलं’, ‘मी ठरवलं’, ‘मी दिलं’, ‘मी ठेवलं’ या प्रयोगांचे प्रमाण दोन महिन्यांच्या काळात वाढते की नाही, हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो. त्यासाठी विचारणाऱ्यानेही आपली भाषा तपासली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलीची संमती ही कायद्याने संमती नव्हे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती अत्याचारपीडित बालिका ठरते. तिच्या कागदावर ‘पाऊल वाकडे पडले’ या अर्थाचे कोणतेही वाक्य असणे हा शैलीचा दोष नव्हे, वस्तुस्थितीचा विपर्यास आहे. मात्र ‘पीडिता’ हे पदही तिचे कायमचे नाव होऊ नये. ते गुन्ह्याच्या नोंदीपुरते असावे.

नावाच्या बाबतीत काळ पुढे सरकला आहे. अविवाहित मातेला पित्याचे नाव न सांगता मुलाचे पालकत्व मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांवर, आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा नियम महाराष्ट्राने केला. मुलाच्या नावामागे केवळ बापाचे नाव लावणाऱ्या आपल्या समाजात हा बदल लहान नाही. ‘कानीन’ शब्दाने जे अर्धवट केले ते पूर्ण होण्याची ही सुरुवात मानता येईल.

त्या विद्यार्थिनीला मी प्रश्नावली परत दिली. अनुवादात दुरुस्ती केली नाही. शेवटी एक कोरे पान जोडण्यास सांगितले. दहा खुणा झाल्यानंतर मुलीला जे सांगावेसे वाटेल ते त्या पानावर तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि अहवाल लिहिताना ते पान आधी वाचावे, गुणांची बेरीज नंतर.